चिपवरील फ्यूज मेमरीचे कर्नलसाठी वर्णन: नवोदितांसाठी काही अनुभव

चिपवरील ई-फ्यूज ही एकदाच लिहिता येणारी मेमरी असते आणि तापमान सेन्सरची कॅलिब्रेशन मूल्ये, प्रोसेसरची वेगश्रेणी, मॅक अ‍ॅड्रेस अशी माहिती बहुधा उत्पादनाच्या वेळीच तिच्यात कोरली जाते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, २०१५ साली, ४.३ या आवृत्तीत, एनव्हीमेम ही उपप्रणाली आली आणि ती माहिती इतर ड्रायव्हरांपर्यंत (हार्डवेअर चालवणाऱ्या कर्नलमधील भागांपर्यंत) पोहोचवण्याची सामाईक सोय झाली.

नवोदित मंडळी बहुतेक वेळा थेट ड्रायव्हर लिहायला घेतात. मी मात्र डिव्हाइस ट्रीच्या (कर्नलला बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीच्या) बाइंडिंगपासून, म्हणजे ते वर्णन कसे लिहायचे याच्या नियमांपासून, सुरुवात करण्याचा आग्रह धरतो. ड्रायव्हर उद्या बदलता येतो, परंतु बोर्डांसोबत बाहेर पडलेले वर्णन नव्या कर्नललाही समजावे लागते. म्हणूनच त्यात हार्डवेअर कसे आहे एवढेच लिहावे. ड्रायव्हरने काय करावे, हे तिथे लिहू नये.

फ्यूज मेमरीच्या मुख्य नोडमध्ये (वर्णनातील तिच्या विभागात) कम्पॅटिबल, म्हणजे योग्य ड्रायव्हर जुळवणारे नाव, आणि रजिस्टरांचा पत्ता व आकार यांच्याबरोबर क्लॉकचीही (त्या भागाला चालवणाऱ्या ठोक्यांच्या संकेताचीही) नोंद हवी. ती नसली तरी सुरुवातीला सारे सुरळीत चालू शकते, कारण कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरने क्लॉक चालूच ठेवलेला असतो. पण बूटच्या अखेरीस कर्नल वापरात नसलेले क्लॉक बंद करतो आणि त्यानंतरच्या वाचनात काही चिपांवर संपूर्ण बसच (चिपमधील भागांना जोडणारा सामाईक मार्गच) अडकते. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

सर्वाधिक गोंधळ सेलच्या, म्हणजे मेमरीतील एकेका मूल्याच्या नोंदीच्या, पत्त्यांत होतो. चिपच्या मॅन्युअलमध्ये फ्यूजचे क्रमांक पुष्कळदा ३२ बिटांच्या शब्दांत दिलेले असतात, तर सेलचा पत्ता एनव्हीमेमच्या आरंभापासून बाइटमध्ये मोजायचा असतो. शून्यापासून मोजल्यास क्रमांक ७ चा शब्द म्हणजे ऑफसेट (आरंभापासूनचे अंतर) २८ बाइट. त्या बाइटातील बिट २ पासून ४ बिट हवे असतील, तर सेलच्या ‘बिट्स’ या नोंदीत २ आणि ४ लिहावे. मॅक अ‍ॅड्रेसचे बाइट काही चिपांवर उलट क्रमाने साठवलेले असतात. तो क्रम सुलटवणे हे एनव्हीमेम ड्रायव्हरचे काम आहे, नेटवर्क ड्रायव्हरचे नव्हे.

सेल वापरणाऱ्या ड्रायव्हरला वाचनातून मिळालेला बफर स्वतः मोकळा करावा लागतो, आणि फ्यूजचा ड्रायव्हर अजून तयार नसल्यास प्रोब (ड्रायव्हर सुरू होण्याची पायरी) पुढे ढकलला जातो, हेही गृहीत धरावे. जुन्या फाइलींत सेल थेट मुख्य नोडखाली दिसतील. नव्या वर्णनात ते ‘फिक्स्ड-लेआउट’ या उपनोडमध्ये ठेवावेत.