नाशिक ढोलचा प्लग-इन लिहायला घेण्याआधी

गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हाच पथकप्रमुखांशी बोलून ध्वनिमुद्रणाची लेखी परवानगी घ्या आणि हे आवाज पुढे प्लग-इनमधून, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममधून विकले जाणार, हेही स्पष्ट सांगा. मुद्रण मात्र भर सरावात नको, एकट्या ढोलाचं करा. टिपरूचा ठोका वेगळा, हाताची थाप वेगळी. हळू ते जोरकस अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचे चार-पाच ठोके. तोच ठोका लागोपाठ वाजला, की हे यंत्र वाजतंय हे कानाला लगेच कळतं. पावसाळी हवेत चामड्याचं पान ढिलं पडतं, तेव्हा मधूनमधून दोऱ्या ताणून घ्या. घुमारा पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डर बंद करू नका.

सामान फारसं नाही. सी प्लस प्लस ही भाषा, कोड लिहायला विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ, मॅकवर एक्सकोड आणि ज्यूस हे ऑडिओ प्लग-इनसाठी तयार कोड देणारं फ्रेमवर्क. त्याचा परवाना आधी नीट वाचा. लॉजिक हे ॲपलचं संगीताचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एयू (ऑडिओ युनिट) या ॲपलच्या प्रकारातलंच प्लग-इन लागतं, म्हणून मॅक उसना का होईना, हाताशी हवा. नोटरायझेशनसाठी, म्हणजे प्लग-इन ॲपलकडून तपासून घेण्यासाठी, ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रामचे वर्षाचे ९९ डॉलरही बाजूला काढा.

खरा वेळ ऑडिओ थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या आवाज तयार करणाऱ्या धाग्याला द्या. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने असताना, १२८ नमुन्यांचा बफर (एका वेळी तयार करायचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात हिशोब संपला नाही, तर आवाजात टकटक येते. म्हणून त्या थ्रेडवर मेमरी मागायची नाही, लॉकसाठी (दुसऱ्या थ्रेडने अडवलेला डेटा मोकळा होण्यासाठी) थांबायचं नाही, डिस्कला हात लावायचा नाही. ढोलाच्या फाइली जड असतात. प्रत्येक ठोक्याची सुरुवात आधीच मेमरीत भरून ठेवा आणि उरलेला भाग दुसऱ्या थ्रेडला आणू द्या. हा आराखडा कोड लिहिण्याआधी कागदावर उतरलाच पाहिजे, मागाहून तो बसवणं फार जड जातं.

पॅरामीटरचे, म्हणजे प्लग-इनमधल्या प्रत्येक बदलत्या सेटिंगचे आयडीही तेव्हाच पक्के करा. विक्रीनंतर ते बदलले, तर संगीतकाराच्या जुन्या प्रोजेक्टमधलं ऑटोमेशन (गाण्याबरोबर सेटिंग आपोआप बदलण्याची नोंद) तुटतं. कुणाचं वर्षापूर्वीचं गाणं उघडलं, तर ते जसंच्या तसं वाजायला हवं. यात तडजोड नको, असं मला मनापासून वाटतं.

चाचणीला प्लगइनव्हॅल हे प्लग-इन तपासणारं साधन वापरा, कडकपणाच्या किमान पाचव्या पातळीवर. जमलं तर दहाव्या. मग नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या संगीत संयोजकाकडे जा. त्यांच्याच जुन्या लॅपटॉपवर, त्यांच्याच भरलेल्या प्रोजेक्टमध्ये प्लग-इन लावा, बफर ६४ वर आणा आणि त्यांना वाजवू द्या.