छोट्या निशमध्ये ऑनलाइन धंदा करताय? या चुका टाळा

"सर, निश कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं (निश म्हणजे बाजाराचा एखादा छोटा, ठरावीक कोपरा) की मी आधी उलट विचारतो, गिऱ्हाईक कोण? समोरून बहुतेक वेळा विषयाचं नाव येतं. ड्रोन. योग. पाळीव प्राणी. अहो, विषयावर लेख लिहिता येतात, पण ऑर्डर द्यायला माणूस लागतो. सगळ्यात जास्त धंदे याच ठिकाणी आपटताना पाहिलेत, म्हणून या चुकीवर जरा सविस्तर लिहितो.

माझ्या ओळखीतल्या एकाने डावखुऱ्यांसाठी ऑनलाइन दुकान काढलं. हिशेब ऐकायला बिनतोड होता. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा, म्हणजे गिऱ्हाईक कोट्यवधी आणि निश तरी छोटाच. कात्र्या, वह्या, पट्ट्या, माऊस, गिटार, डबे उघडायचे ओपनर, डाव्या हाताचं जे मिळेल ते त्याने मांडलं. लोक येत, "अरे वा, असंही मिळतं!" म्हणत, मित्रांना लिंक पाठवत आणि चालते होत. जाहिरातीवर पैसे ओतले तसे क्लिक वाढले, ऑर्डरी होत्या तिथेच. गडी मग बटणाचा रंग बदलत बसला. कधी डिस्काउंट, कधी नवे फोटो.

गोची वेगळीच होती. गिटार वाजवणारा डावखुरा आणि ओपनर फिरवणारा डावखुरा यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. ते कुठे एकत्र जमत नाहीत, एकमेकांना सल्ले देत नाहीत. शिवाय बहुतेकांनी लहानपणीच उजव्या हाताच्या वस्तूंशी जुळवून घेतलेलं असतं. ज्याचा त्रास वाटेनासा झालाय, त्यावर पैसे कोण खर्च करेल?

मी त्याला एकच काम लावलं. आलेले सगळे ईमेल आणि रिटर्नची कारणं बसून वाच म्हटलं. कुरकुरत वाचली. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता: "या कात्रीची पाती उलटी आहेत की नुसती मूठ?" आणि विचारणारे जवळजवळ सगळे कापड कापणारे.

आता यातली खोच बघा. नेहमीच्या कात्रीत उजवं पातं वर असतं. ती डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकी खडूची रेघ झाकतं. शिवाय मुठीचा जोर पाती एकमेकांना चिकटवण्याऐवजी फाकवतो, आणि कापड कापलं न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतं. 'डावखुऱ्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कात्र्यांमध्ये फक्त मूठ बदललेली असते, पाती तीच. अधूनमधून कागद कापणाऱ्याचं त्यावर भागतं. दिवसभर कापड बेतणाऱ्याचं भागत नाही, त्यामुळे तो अशा फसव्या कात्र्या घेऊन आधीच पस्तावलेला असतो. म्हणजे या अडचणीवर त्याचा खिसा एकदा तरी रिकामा झालेला आहे. मला हवं असलेलं गिऱ्हाईक ते हेच.

गिटार, माऊस, ओपनर सगळं काढून टाकायला लावलं. त्याला वाटलं मी त्याचा धंदा बुडवायला बसलोय. मागे राहिल्या कापडाच्या कात्र्या, फिरत्या पात्याचे कटर आणि उजवीकडून आकडे सुरू होणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक कात्रीखाली पात्यांचा अगदी जवळून काढलेला फोटो आणि ठळक अक्षरांत "डावं पातं वर" एवढंच. ऑर्डरी सावकाश सुरू झाल्या, पण रिटर्न घटले. पुढे त्याच लोकांनी धार लावून मिळेल का विचारलं, आणि ती सेवाही सुरू झाली. नवीन काय विकायचं हे शोधायला त्याला कुठल्या टूलची गरज पडली नाही.

माझी स्वतःची पद्धत अगदी साधी आहे. निश ठरवण्याआधी त्या क्षेत्रातल्या वस्तूंचे एक-दोन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचतो. पाच ताऱ्यांचे नाही, त्यात "छान आहे" पलीकडे काही मिळत नाही. चिडलेला माणूस मात्र नेमकं काय हवं होतं ते सांगून जातो, तेही त्याच्याच शब्दांत. मग चार जणांना गाठून बोलतो. "असं काही मिळालं तर घ्याल का?" हे चुकूनही विचारू नका, तोंडावर सगळे हो म्हणतात. "मागच्या वेळी काय घेतलंत, आणि ते का टाकून दिलंत?" असं विचारा. कुणी काहीच घेतलेलं नसेल तर मी तो निश सोडतो, मग तो कितीही गोंडस दिसो.

नवशिक्यांना हे नको असतं. त्यांना टूल हवं असतं, ज्यात शब्द टाकला की हिरवा दिवा लागतो. म्हणून टूलबद्दलही सांगतो. लोक सर्चमध्ये कोणते शब्द (कीवर्ड) टाकतात ते दाखवणाऱ्या गूगल कीवर्ड प्लॅनरमधला 'कॉम्पिटिशन'चा रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो. सर्चमध्ये वर येणं किती अवघड आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथे 'लो' दिसलं म्हणून पेढे वाटू नका, त्या शब्दावर पैसे लावावेत असं कुणालाच वाटत नसेल. एखादा शब्द कधी जास्त शोधला गेला ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समधला १०० म्हणजेही शंभर सर्च नव्हेत, निवडलेल्या काळातला सर्वांत उंच बिंदू तेवढा.

स्पर्धकच नाही, ही आनंदाची बातमी नसते. बहुधा आधीचे येऊन, हात पोळून गेलेले असतात.

डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावात कीवर्ड कोंबण्यात आठवडे घालवू नका. निव्वळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साइटना गूगलने २०१२ मध्येच खाली ढकललंय.

तीन निश एकदम सुरू करणारे मला भेटतात. तिन्ही चालवणारा अजून भेटायचाय.

दुसरी माझी आवडती चूक हिशेबाची. अमेरिकन लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये मांडलेला हजार खऱ्या चाहत्यांचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो: हजार माणसं, प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलर, झाले एक लाख. मात्र ते १०० डॉलर नफ्याचे आहेत आणि चाहत्याशी तुमचं थेट नातं हवं, ही अट सोयीस्करपणे गाळली जाते. अफिलिएट लिंकवर (जिच्यावरून कुणी दुसऱ्याचा माल घेतला की तुम्हाला वाटा मिळतो) ३ टक्के कमिशन मिळत असेल, तर त्याच माणसाने १०० डॉलर खर्च केल्यावर तुमच्या हाती ३ येतात. त्याच एक लाखासाठी आता तेहतीस हजारांवर माणसं लागणार. एवढ्या छोट्या निशमध्ये ती आणायची कुठून?

बरं, ते ३ टक्के तरी तुमच्या हातात आहेत का? अॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतले बरेच अफिलिएट दर कापले, फर्निचरचा दर ८ वरून थेट ३ टक्क्यांवर. सप्टेंबर २०२३ च्या गूगल अपडेटनंतर (सर्चची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला बदल) कित्येक छोट्या निश साइटचं ट्रॅफिक कोसळलं. त्यातल्या काही मेहनतीने उभ्या केलेल्या होत्या, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. दिवसाला ढीगभर लेख मशीनकडून पाडून घेणाऱ्यांबद्दल मात्र फारसं वाटत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून ईमेल लिस्ट सुरू करा. "न्यूजलेटर घ्या" म्हटलं तर कुणी पत्ता देत नाही. कामाचं काहीतरी द्या. आमच्या कात्रीवाल्याने खरी डावी कात्री ओळखायचं एका पानाचं चित्र दिलं आणि लिस्ट त्यावरच वाढली. दर आठवड्याला लिस्ट सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. ज्या सेवेतून मेल पाठवता तिथलं खातं एखाद्या सकाळी बंद झालेलं असू शकतं, आणि मदत केंद्राचं उत्तर यायला दिवस लागतात. डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सोयी) लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणारा लहान असला तरी यातलं किमान एक असावं असा जीमेलचा नियम आहे. हे न करता "मेल स्पॅममध्ये का जातात?" असं विचारायला येऊ नका.