गळाला लागलेली सुरमई बेळगावपर्यंत ताजी आणायची तर

बेळगाव-खानापूरकडची मित्रमंडळी गाडी करून वेंगुर्ल्याला, मालवणला गळाने मासे धरायला जातात. होडी ठरते, गळ ठरतात, बर्फ मात्र परतताना आठवतो. तो होडीत चढतानाच सोबत हवा. सुरमई, कुपा, बांगडा उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही; खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं.

म्हणून मासा वर आला की लगेच कल्ल्याजवळ काप द्या, रक्त वाहू द्या आणि तो थेट खोक्यात टाका. खोक्यात फोडलेला बर्फ आणि थोडं समुद्राचंच पाणी असू द्या. नुसत्या बर्फापेक्षा त्यात मासा लवकर गार होतो. किनाऱ्याला लागल्यावर आतडी आणि कल्ले काढा, पाणी ओतून टाका, पोटात बर्फ भरा. आंबोली घाट चढताना खोका टपावर बांधू नका.

वाटणी घरी पोहोचल्यावरच! किनाऱ्यावर पिशव्या केल्या की बर्फ कुणालाच पुरत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा बेत आखू नका.