मुलांना ख्रिस्ती दृष्टीनं कलेचा इतिहास शिकवताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. शिक्षक आधी चित्र दाखवतात आणि बायबलमधलं वचन मागाहून वाचतात. मुलाच्या मनात चित्र एकदा बसलं की वचन त्याला ऐकूच येत नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते, असं कुठल्याही संडे स्कूलमध्ये विचारून पाहा, वर्ग एका सुरात ‘तीन’ म्हणेल. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आकडा नाही, देणग्या तीन आहेत. ते घरात गेले असंही तिथं लिहिलंय, पण नाताळच्या देखाव्यात आपण त्यांना गव्हाणीपाशी उभं करतो. एदेन बागेतल्या फळाला सफरचंद केलं तेही चित्रकारांनी. उत्पत्तीत त्या फळाचं नाव नाही.

म्हणून क्रम उलटा करा. उधळ्या पुत्राचा, म्हणजे सगळं उधळून बापाकडे परतलेल्या मुलाच्या दाखल्याचा धडा घेऊ. लूक 15:11 ते 32 सावकाश वाचा, मग दहा मिनिटं मुलांना त्यांच्या मनातलं चित्र काढू द्या. डच चित्रकार रेम्ब्रांटचं याच प्रसंगाचं चित्र त्यानंतर भिंतीवर लावा. ते त्याच्या आयुष्याच्या अखेरीस, 1669 च्या सुमाराचं आहे. दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही. मग तीन प्रश्न, याच क्रमानं: काय दिसतं? ते वचनात कुठे आहे? वचनात नसलेलं काय आहे? मुलांच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही. गुडघे टेकलेल्या मुलाचं एक पाऊल पायताणातून निघालंय, दुसरं पायताण झिजून गेलंय. बापाचे दोन्ही हात सारखे नाहीत, एक रुंद आणि भक्कम, दुसरा हळुवार. आणि उजवीकडे उभा असलेला माणूस? तो थोरला भाऊ असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण लूक सांगतो की त्या वेळी तो शेतात होता. चित्रकारानं दोन वेगळे प्रसंग एका चौकटीत आणले. का आणले असतील, यावर वर्ग बोलायला लागला की समजा धडा लागला. चित्र म्हणजे कुणीतरी केलेलं वचनाचं वाचन, एवढं मुलाला पक्कं कळलं तर कॅलेंडरवरच्या पिंगट केसांच्या येशूकडेही तो नीट पाहील. त्यातला घराघरांत पोचलेला एक चेहरा 1940 मध्ये अमेरिकेत वॉर्नर सॉलमन यांनी रंगवला. शुभवर्तमानांत येशूच्या नाकडोळ्यांचं वर्णन नाही.

रेम्ब्रांटचं चित्र मोबाइलवर फिरवू नका. बारा मुलांना निदान ए-थ्री रंगीत प्रिंट लागते. मूळ चित्र 262 बाय 205 सेंटिमीटर आहे, तेवढी चौकट खडूनं भिंतीवर आखा. लिओनार्दोचं शेवटचं भोजन तर सुमारे 8.8 मीटर रुंद आणि 4.6 मीटर उंच. ते चर्चच्या आवारात सुतळीनं मोजून दाखवा.

दुसरी चूक सुरुवात कुठून करायची याची. इटलीपासून सुरुवात केली की नागपुरातल्या सदरमधल्या मुलाला वाटतं, ख्रिस्ती कला म्हणजे परदेशी वस्तू. हॉलमध्ये 10 मीटर सुतळी ताणा आणि 50 सेंटिमीटरला 100 वर्षं धरा. कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लटकवा. 1.2 मीटरवर सिरियातल्या दुरा-युरोपसच्या भिंतीवरचा उत्तम मेंढपाळ, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातला येशू, येतो. अडीच मीटरच्या आसपास अजिंठ्यातली पाचव्या शतकातली चित्रं, आणि त्यांच्या शेजारीच इटलीतल्या रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधलं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र. पुढे 1580: जेझुइट पंथाचे कॅथलिक धर्मगुरू अकबराच्या दरबारी सचित्र बायबल घेऊन गेले आणि मुघल चित्रकारांनी त्यांनी आणलेल्या चित्रांच्या नकला केल्या. 1616 ला फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण लावायला विसरू नका, सुमारे 11 हजार ओव्या, आपल्याच छंदात आणि आपल्याच भाषेत. मग 1895, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा. राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात त्यांना नवा करार मिळाला, हे सांगितलं की नागपूरच्या मुलांचे कान टवकारतात, कारण तो रेल्वेमार्ग त्यांच्या ओळखीचा आहे. शेवटच्या चिमट्यांत आंजेलो द फोन्सेका (1902–1967) हवेतच. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून काम केलेल्या या चित्रकाराची मरिया साडी नेसते.

अजिंठा मध्येच का, असं एखादा पालक विचारेल. उत्तर निर्गम 31 मध्ये आहे. देवानं बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्यानं भरलं ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड घडवण्यासाठी. कौशल्य ही देणगी आहे आणि ती कुणाच्या हातात दिसली तरी आदरानं पाहावी. शेजारच्यांच्या देवमूर्तीला वर्गात नावं ठेवणं ही चूक तर आहेच, मुलाच्या मैत्रीवर घावही आहे. ‘मग मूर्ती करू नका ही दुसरी आज्ञा?’ हा प्रश्न मात्र टाळू नका. हाच वाद चर्चमध्येही पेटला होता. आठव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात प्रतिमा काढून टाकल्या गेल्या, 787 च्या निकाया परिषदेनं त्यांना मान दिला, पण उपासना फक्त देवाची असं बजावलं. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलं एकाच बाकावर बसत असतील तर दोन्ही घरांची बाजू सारख्याच प्रेमानं मांडा.

नग्न आकृत्यांबद्दल थोडक्यात: दहा वर्षांखालच्या मुलांना मायकेलँजेलोनं रंगवलेल्या व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलच्या छतातला फक्त देवाच्या आणि आदामाच्या हातांचा भाग दाखवा. मोठ्यांना पूर्ण छत दाखवायचं तर आठवडाभर आधी पालकांना कळवा.

संगीतात पूर्ण रचना ऐकवायच्या फंदात पडू नका. संगीतकार हेंडेलनं ‘मसीहा’ ही गायनरचना 1741 मध्ये सुमारे 24 दिवसांत लिहिलं हे सांगा, दोन मिनिटं ऐकवा आणि लगेच टिळकांचं एखादं गीत मुलांकडून म्हणून घ्या.

प्रात्यक्षिकात हमखास बिघडतो तो फ्रेस्को, म्हणजे ओल्या चुन्याच्या थरावर रंगवलेलं चित्र. बरेच जण पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) पाटीवर रंगवतात आणि रंग पुसला जातो, कारण पीओपी फ्रेस्कोसारखं काम करत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, तेव्हा रंग त्यात अडकतो. भिजवून मुरलेला चुना एक भाग आणि चाळलेली बारीक वाळू दोन भाग, मोठ्या माणसानं हातमोजे व चष्मा घालून कालवा. कळीचा चुना मुलांसमोर अजिबात विरवू नका. दोन जुनी कवेलू (छपराची कौलं) रात्रभर पाण्यात ठेवा आणि त्यांवर सेंटिमीटरभर थर द्या. बोट लावल्यावर चुना चिकटत नाही पण गार लागतो, तेव्हा पहिल्या कवेलूवर गेरू, पिवळी माती, कोळशाची पूड नुसत्या पाण्यात कालवून रंगवा. मुलं ओल्या चुन्याला हात लावणार नाहीत, लांब ब्रश द्या. पिवळ्यासाठी हळद आणली तर ती चुन्यात लाल होते, कुंकू होतं तसंच. मे महिन्यात 45 अंशांत थर मुरण्याआधीच वाळून तडकतो, म्हणून हा धडा डिसेंबर-जानेवारीत घ्या. व्हीबीएसमध्येच (सुट्टीतल्या बायबल शिबिरातच) करायचा असेल तर सकाळी सातला, सावलीत, ओलं पोतं कवेलूला न टेकवता वर ताणून.

दुसरं कवेलू आठवडाभर वाळू द्या आणि मग तेच रंग त्याच पाण्यात लावा. शेवटचं भोजन लिओनार्दोला सावकाश रंगवायचं होतं, म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर काम केलं. त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागला. आणखी दोन आठवड्यांनी मुलांना दोन्ही कवेलूंवरून ओलं बोट फिरवू द्या आणि कुठल्या कवेलूवरचा गेरू बोटाला लागला ते त्यांनाच सांगू द्या.