भिंतीवर वाळवीची रेघ दिसली? आधी फडकं खाली ठेवा

चौकटीच्या कडेने मातीची रेघ वर चढलेली दिसली की बहुतेक लोक ओलं फडकं घेतात आणि पुसून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. जमिनीतून येणाऱ्या वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्यावर ती सुकून मरते, म्हणून माती आणि लाळ कालवून ती ही बंद नळी बांधते. तिचं घर, राणी, सगळं खाली मातीत, तुमच्या चौकटीत फक्त कामकरी वाळवी खायला येते. नळी पुसलीत की ती कुठून येते हे दाखवणारी खूण गेली.

कराडला आत्याकडे हेच झालं. रंगकाम चालू होतं, पेंटरने नळी खरवडली, रॉकेल मारलं, पुट्टी भरून रंग दिला, मी तिथेच होतो आणि गप्प बसलो याचं अजून वाईट वाटतं. पुढच्या पावसाळ्यात भिंतीतलं कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात आतोबांच्या पेन्शनची फाईल, वरून पुठ्ठा शाबूत आणि आत नुसता चिखल. पलीकडे बाथरूमचा पाईप गळत होता, वाळवीला ओल तिथून मिळत होती. आधी पाईप बदलला, मग भिंत-फरशीच्या सांध्यात फूटफूटभर अंतराने ड्रिल मारून औषध मातीत सोडलं तेव्हा कुठे थांबलं.

माझी सवय सांगतो. नळी मधेच इंचभर फोडायची, शेजारी पेन्सिलने तारीख लिहायची, दोन-तीन दिवसांनी बघायचं. परत बुजवली तर वाळवी चालू आहे. नाही बुजवली तरी खुश होऊ नका, दुसरीकडून रस्ता काढलेला असू शकतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत जा, पोकळ आवाज येतो का बघा.

दुसरी चूक, पहिल्या पावसात दिव्याभोवती आलेली पाखरं म्हणजे पंख फुटलेल्या मुंग्या समजायचं. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारखे. बाहेरून दिव्यावर आली तर घाबरू नका, पण घरातल्याच फटीतून निघत असतील तर लगेच माणूस बोलवा.

लाकडाखाली पीठ पडतंय? ते बहुतेक भुंग्यांचं काम. खसखशीसारखे कोरडे दाणे? ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिला मातीशी देणंघेणं नसतं, इलाजही वेगळा.

सागवान आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते.

सिमेंटचं घर असलं तरी बारीक फट तिला पुरते.

आणि "ड्रिल नको, फरशी खराब होईल, नुसता स्प्रे मारा" म्हणणाऱ्या घाईच्या लोकांचा मला खरंच राग येतो, कारण स्प्रेने दिसते तेवढीच वाळवी मरते, मातीतली तशीच राहते.