अरबी समुद्रावरची धूळ आणि मान्सूनचा पाऊस: डेटा स्वतः कसा बघायचा

जून-जुलैमधला सॅटेलाइटचा फोटो उघडून अरबी समुद्राच्या उत्तरेकडे बघा, ढग नसतील तिथे बऱ्याचदा पिवळट तपकिरी पट्टे दिसतात, ती सगळी धूळ. इराकच्या सपाटीवरून शमाल नावाच्या वायव्येच्या वाऱ्याने उडालेली, अरबस्तानच्या वाळवंटातली, इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सिस्तान खोऱ्यातली (तिथल्या उन्हाळी वाऱ्याला १२० दिवसांचा वाराच म्हणतात) आणि थोडीफार थरच्या वाळवंटातली. २०१४ मध्ये व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर जिओसायन्स या संशोधनपत्रिकेत दाखवलं की या भागातली धूळ वाढली की साधारण आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. मला हा विषय फार जवळचा वाटतो कारण यातला जवळपास सगळा डेटा फुकट आहे, लॅपटॉप आणि थोडं पायथन येत असलं की कुणालाही हात घालता येतो, आणि आपल्याकडच्या जास्त मुलामुलींनी तो घालावा असं मनापासून वाटतं.

पण आधी कारण समजून घ्या, प्लॉट नंतर. धुळीत लोहाची ऑक्साइड्स असतात त्यामुळे ती सूर्यप्रकाश नुसता परतवत नाही तर शोषतेसुद्धा, म्हणजे खाली पृष्ठभागावर ऊन कमी पोचतं पण वरचा हवेचा थर तापतो, तापलेली हवा वर जाते, खालचा दाब उतरतो आणि नैऋत्येकडून येणारे दमट वारे अजून जोरात ओढले जातात. ही झाली आठवड्याची गोष्ट. अख्ख्या सीझनची किंवा दशकांची गोष्ट वेगळी आहे. रामनाथन यांच्या टीमने २००५ मध्ये मांडलं की दक्षिण आशियावरच्या काजळीच्या धुरक्यामुळे ऊन कमी पोचून मान्सून कमकुवत होऊ शकतो, तर लगेच २००६ मध्ये विल्यम लाऊ यांनी म्हटलं की हिमालयाच्या उतारांवर साचलेली धूळ आणि काजळी तापून मे-जूनमध्येच पाऊस उत्तरेकडे ओढते, ज्याला एलिव्हेटेड हीट पंप म्हणतात, आणि त्यावरही पुढे बरीच टीका झाली. म्हणून 'धुळीने पाऊस वाढतो की कमी होतो' असा प्रश्न विचारूच नका, कुठली धूळ, कुठला पाऊस आणि किती दिवसांत हे तिन्ही प्रश्नातच आलं पाहिजे.

आता डेटा. सुरुवात नासाच्या वर्ल्डव्ह्यू या वेबसाइटवर करा, काही डाउनलोड करायचं नाही, एक जून निवडा आणि रोजचा फोटो पुढे पुढे सरकवत बघा, मग त्यावर एरोसोल ऑप्टिकल डेप्थचा लेयर टाका. ऑप्टिकल डेप्थ म्हणजे हवेतल्या कणांमुळे प्रकाश किती अडतो त्याचं माप. इथे लगेच कळेल की मान्सूनमध्ये अर्ध्याहून जास्त नकाशा रिकामा असतो, कारण मोडिसला (हे माप घेणारं सॅटेलाइटवरचं उपकरण) ढगाखालचं दिसत नाही, आणि समुद्रावर सूर्याची चकाकी पडते तिथलीही व्हॅल्यू मिळत नाही. हे रिकामे पिक्सेल नीट बघून ठेवा, पावसाळी दिवसच डेटामधून गळतात हा या विषयातला सगळ्यात मोठा धोका आहे.

म्हणून रोजची सलग सिरीज हवी तर मेरा-२ घ्या, नासाचं रीअ‍ॅनालिसिस, म्हणजे निरीक्षणं आणि हवामानाचं मॉडेल जोडून तयार केलेला सलग डेटा, १९८० पासून आहे, फ्री अकाउंट काढलं की मिळतं. त्यात एकूण ऑप्टिकल डेप्थ आणि फक्त धुळीची ऑप्टिकल डेप्थ वेगवेगळी असते, तुम्हाला धुळीचीच घ्यायची आहे आणि हे मी पुन्हा सांगते, धुळीचीच. कारण मान्सूनचा वारा जोरात असला की समुद्रावर मिठाचे कणही भरपूर उडतात, एकूण आकडा वाढतो, आणि आपल्याला वाटतं धूळ वाढली. मात्र मेरा-२ मधली धूळ आणि मीठ ही विभागणी मॉडेलने केलेली असते, म्हणून जमिनीवरून हवेतले कण मोजणाऱ्या एरोनेट या जाळ्यातल्या स्टेशनशी ताडून बघा, कानपूरचं स्टेशन २००१ पासून चालू आहे. तिथे अँगस्ट्रॉम एक्स्पोनंट बघायचा, शून्याच्या जवळ म्हणजे मोठे कण, धूळ, आणि एकच्या वर गेला म्हणजे धूर किंवा काजळीसारखे बारीक कण.

पावसासाठी आयएमडीचा (भारतीय हवामान खात्याचा) पाव अंशाच्या चौकोनांतला ग्रिड डेटा घ्या, १९०१ पासून रोजचा आहे, पायथनमध्ये आयएमडीलिब नावाची लायब्ररी आहे त्याने सरळ उतरतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, आयएमडीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे १० जुलैचा पाऊस हा ९ तारखेच्या साडेआठपासून १० च्या साडेआठपर्यंतचा, आणि मेरा-२ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत, असतो. हे जुळवलं नाही तर तुमचा लॅग (धूळ आणि पाऊस यांतलं दिवसांचं अंतर) जवळजवळ एक दिवसाने सरकतो आणि जिथे आठवड्यातले दिवस मोजायचेत तिथे एक दिवस म्हणजे बरंच झालं.

धुळीसाठी साधारण १५ ते २५ उत्तर, ६० ते ७० पूर्व असा बॉक्स घ्या, पावसासाठी कोअर मान्सून झोन म्हणजे १८ ते २८ उत्तर, ६५ ते ८८ पूर्व (आयएमडीचा डेटा फक्त जमिनीवरचा आहे त्यामुळे समुद्राचा भाग आपोआप गळतो). सरासरी काढताना अक्षांशाचं वजन द्या (उत्तरेकडे चौकोन लहान होत जातात). मग प्रत्येक तारखेची अनेक वर्षांची सरासरी काढून ती वजा करा, नाहीतर दोन्ही गोष्टी जूनमध्ये वाढतात आणि सप्टेंबरमध्ये उतरतात एवढंच तुम्ही शोधून काढाल. उरलेल्या अ‍ॅनोमलीचं लॅग कोरिलेशन काढा, म्हणजे एक सिरीज काही दिवस पुढे-मागे सरकवून दोन्हींचं नातं बघा, आणि हे दोन्ही बाजूंनी काढा, धूळ आधी पाऊस नंतर, आणि पाऊस आधी धूळ नंतर. पाऊस धूळ धुऊनही टाकतो ना, म्हणून उलटी बाजू बघितल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

जून ते सप्टेंबर या सीझनचे १२२ दिवस म्हणजे १२२ स्वतंत्र नमुने नाहीत, आजची धूळ उद्याही असते, पावसाचे जोर आणि खंडही आठवडाभर टिकतात, तेव्हा खरा सँपल साइज त्याहून खूप कमी धरा. एल निनोची वर्षं वेगळी काढून बघा, नातं टिकतंय का. आणि सगळं चांगलं दिसलं तरी एक शंका राहतेच, वारा जोरात आला म्हणून धूळही उडाली आणि बाष्पही आलं असं असू शकतं. कोरिलेशन कितीही सुंदर आलं तरी ही शंका त्याने फिटत नाही, म्हणूनच २०१४ च्या त्या पेपरमध्ये निरीक्षणांबरोबर क्लायमेट मॉडेलचे प्रयोगही केले होते, मॉडेलमध्ये धूळ बदलून बघता येते, निसर्गात नाही. तुमच्याकडे मॉडेल नसेल तर 'धुळीमुळे' हा शब्द वापरू नका, 'धुळीनंतर' म्हणा.

प्लॉट तयार झाला की तो एकट्याने धरून बसू नका. या क्षेत्रातली माणसं बाहेरून वाटतात त्यापेक्षा खूप मोकळी आहेत, पेपरच्या लेखकाला थेट मेल केला तर बरेच जण उत्तर देतात, फक्त मेल छोटा हवा, एक प्लॉट, एक नेमका प्रश्न, आणि त्यांचा पेपर वाचल्याचं त्या प्रश्नातून दिसलं पाहिजे. 'मला गाइड करा' असा मेल कुणाला उत्तर देण्यासारखा नसतो. भारतात ट्रॉपमेट ही परिषद आहे, बाहेर साधारण एप्रिल-मेमध्ये व्हिएन्नाला ईजीयू (युरोपियन जिओसायन्सेस युनियनची) आणि डिसेंबरमध्ये एजीयू (अमेरिकन जिओफिजिकल युनियनची). नवीन असाल तर भाषणापेक्षा पोस्टर मागा, माझं ठाम मत आहे, भाषणानंतर दोन प्रश्न येतात आणि वेळ संपतो, पोस्टरसमोर माणूस उभं राहून तुमच्या वायअ‍ॅक्सिसवर बोट ठेवतो आणि विचारतो हे कसं काढलं. कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवा, चूक सापडली तर लवकर सापडते.

अजून एक, हे कृपा करून करा. एरोनेटच्या प्रत्येक स्टेशनचा एक जबाबदार शास्त्रज्ञ असतो, नाव डेटासोबतच येतं. तिथलं फोटोमीटर, म्हणजे सूर्यप्रकाश मोजणारं यंत्र, कुणीतरी उन्हापावसात स्वच्छ ठेवलेलं असतं, केबल बदललेली असते, कॅलिब्रेशनला पाठवलेलं असतं. पेपर किंवा पोस्टर करताना त्यांना आधी कळवा, एरोनेटच्या नियमातही ते आहे, सहलेखक व्हाल का असं विचारा, नाहीतर निदान आभारात नाव घाला. आणि विचारताना हेही विचारून घ्या की अमुक वर्षी जूनमध्ये इन्स्ट्रुमेंट नीट चालू होतं का, कारण हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं आणि त्यांना पक्कं आठवत असतं.