नस शिवल्यानंतर या चुका टाळा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथून पत्र्याने, काचेने, प्रेसमध्ये मनगट कापलेले कामगार ठाण्यात माझ्याकडे हँड थेरपीला येतात. नस (म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्पर्शाचे आणि हालचालीचे संदेश नेणारी नर्व्ह) वेळेत शिवलेली असते, ऑपरेशन चांगलं झालेलं असतं, आणि मग घरी हाताची नासाडी होते. त्याच चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बधिर हाताला शेक देणं. काचेच्या दुकानातला एक तरुण होता. मिडियन नर्व्ह कापलेली, म्हणजे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर. स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा आधार) सुटल्यावर काही आठवड्यांनी तळहातात मुंग्या सुरू झाल्या. घरात सगळे घाबरले, हात बिघडला म्हणून. आत्याने तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवली आणि रात्री प्रेमाने शेकत बसली. पोराला काहीच कळलं नाही. सकाळी बघतो तर तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकाला टपोरे फोड. ते फुटले, चिघळले, व्यायाम थांबले आणि बोटं आखडली. काचेने केलं नव्हतं ते नुकसान त्या पुरचुंडीने केलं.

आणि त्या मुंग्या तर चांगली बातमी होती! तर्जनीचा स्पर्श ओळखणाऱ्या पेशींची मूळ शरीरं मानेत, मणक्यांलगतच्या गँग्लियॉनमध्ये (पेशींच्या छोट्या गाठीत) असतात. मनगटात कापला जातो तो त्यांचा लांबच लांब धागा. कापल्याच्या पुढचा तुकडा नष्ट होतो, हे वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1850 मध्येच बेडकाच्या नसांवर दाखवलं होतं. पण मानेतली पेशी बहुतेक वेळा जगते. पुढच्या रिकाम्या नळीतला कचरा मॅक्रोफेज (शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी) आणि श्वान पेशी (नसेच्या धाग्यांना वेढून आधार देणाऱ्या पेशी) साफ करतात. मग श्वान पेशी रांगेने उभ्या राहतात आणि त्यांच्या आधाराने नवं टोक पुढे सरकतं. ते टोक कोवळं असतं, टिचकी मारली की झिणझिणतं. हीच फ्रेंच डॉक्टर टिनेल यांनी 1915 मध्ये सांगितलेली खूण.

दुसरी चूक घाईची. 'पंधरा दिवसांत बोट चालू करा' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वाढ साधारण दिवसाला 1 मिलिमीटर. मनगटापासून मधल्या बोटाचं टोक 17-18 सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने, आणि शिवण ओलांडायला लागणारे आठवडे वेगळे. कुठलंही इंजेक्शन किंवा करंटचं मशीन हे अंतर पंधरवड्यात कापून देणार नाही. बी-12 कमी असेल तर जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर व्यायाम सोडू नका. माझी सवय अशी: बोटांकडून मनगटाकडे टिचक्या मारत यायचं, झिणझिणी उठते तिथे बॉलपेनने टिंब काढायचं आणि मनगटाच्या घडीपासूनचं अंतर तारखेसह वहीत लिहायचं. महिन्यातून एकदा. रोज मोजणाऱ्यांचा धीर सुटतो.

तंबाखू, मशेरी, सिगारेट बंद. कढई, इस्त्री, बाइकचा सायलेन्सर यांपासून हात लांब. पाणी दुसऱ्या हाताने तपासूनच घ्या. शिवणीवर जोरात मालीश अजिबात नको.

स्पर्श आला की लोक यायचे थांबतात, ही चूक मला फार लागते. हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरांनी 1903 मध्ये स्वतःच्या हाताची संवेदी नस कापून, शिवून घेतली आणि काय काय परत येतं ते तपासत राहिले. वेदना आणि थंड-गरम आधी आलं, तेही ओबडधोबड, नकोसं. बारीक स्पर्श कितीतरी उशिरा. म्हणून हात लावला की शिरशिरी येते, चटका बसल्यासारखं वाटतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. शिवाय काही धागे चुकीच्या जागी पोचतात. तर्जनीला हात लावला तर अंगठ्याला लावल्यासारखं वाटतं, कारण मेंदूला नवा नकाशा शिकायचा असतो. डोळे मिटून नाणं, किल्ली, बटण ओळखा, मग डोळे उघडून खात्री करा. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कंटाळवाणं आहे, तरी करायचंच.

शेवटची तक्रार अपघातानंतर लगेचच्या दिवसांची. कातडी शिवली म्हणजे नस शिवली असं नव्हे. टाके घातल्यावरही बोट बधिर असेल तर बोटं अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा (जखम भरलेली असेल तरच). नस तुटलेल्या बोटाच्या टोकाला सुरकुत्या पडत नाहीत. असं दिसलं, किंवा शिवलेल्या नसेचं टिंब दोन-तीन महिने एकाच जागी अडकलं, तर थेट हाताच्या सर्जनकडे जा.